गॅस बंद, तरी दीड टक्का: स्पार्कच्या उजेडातून इंधन मोजताना पावसाळ्यात चढणारं रीडिंग

मृग लागला की हा प्रश्न येतोच. स्पार्कचा उजेड स्पेक्ट्रोमीटरला (उजेड तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणाऱ्या यंत्राला) देऊन हवेतल्या गॅसचं प्रमाण काढणारा सेटअप मार्च-एप्रिलमध्ये नीट चाललेला असतो. जूनमध्ये रीडिंग वर सरकायला लागतं. कुडाळकडच्या एका प्रोजेक्टवाल्या मुलाचा फोन आला होता, गोबरगॅसवर छोटं इंजिन चालवत होता. "सर, गॅस बंद आसा, तरी दीड टक्को मिथेन दाखयता." तोवर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या गॅसवर यंत्राचं रीडिंग जुळवणं, पुन्हा पुन्हा करून झालं होतं. कॅलिब्रेशनच्या दिवशी सगळं बरोबर, मग दोन दिवस उघडीप मिळाली की रीडिंग खाली, जोराची सर आली की परत वर.

अशा वेळी कॅलिब्रेशनला हात लावू नका. लावलात तर दिवाळीपर्यंत तेच करत बसाल. आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, सेलमधून (ज्या डबीत ठिणगी पडते तिच्यातून) भरपूर हवा जाऊ द्या आणि जी हवा मिश्रणात वापरता त्याच नुसत्या हवेत ठिणग्या पाडा. हा ब्लँक. त्यात हायड्रोजनची रेषा दिसली, तर दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, हवेचा असतो.

थोडक्यात पद्धत, नवीन माणसांसाठी. प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी पडली की तिथले रेणू फुटतात, अणू उत्तेजित होतात आणि आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीला उजेड टाकतात. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरला, ऑक्सिजनचं त्रिकूट ७७७ च्या आसपास, नायट्रोजनची एक रेषा ७४६.८ ला. शिवाय फुटलेले तुकडे परत जुळून काही पट्टे देतात: सीएनचा (कार्बन-नायट्रोजन) जांभळा पट्टा ३८८.३ ला, एनएचचा (नायट्रोजन-हायड्रोजन) ३३६ ला, ओएचचा (ऑक्सिजन-हायड्रोजन) ३०९ ला. इंधनात हायड्रोजन आणि कार्बन, हवेत ऑक्सिजन आणि नायट्रोजन. म्हणून हायड्रोजनच्या रेषेला ऑक्सिजनच्या रेषेने भागलं की इंधन आणि हवेचं गुणोत्तर कळतं. भागायचं अशासाठी, की कुठल्याही दोन ठिणग्या सारख्या नसतात. एक लख्ख, एक मरतुकडी. भागाकारात तो फरक बराचसा निघून जातो, उरलेला शंभरेक ठिणग्यांच्या सरासरीत.

पाण्यातही हायड्रोजन असतो

कॅलिब्रेशन आपण सिलिंडरच्या गॅसवर करतो आणि सिलिंडरमधली हवा कोरडी असते. मोजतो मात्र ब्लोअरने ओढलेली, नाहीतर इंजिनने खेचलेली बाहेरची हवा. प्लाझ्माला, म्हणजे ठिणगीतल्या तापून फुटलेल्या गॅसला, मिथेनमधला हायड्रोजन आणि बाष्पातला हायड्रोजन यांत काही भेद नसतो. कोरड्या मुलखात ही चूक खपून जाते. आपल्याकडे कोकणात नाही.

आकडे मांडूनच बघू. जुलैमधली नेहमीची हवा, तापमान २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. २८ अंशाला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब ३.७८ किलोपास्कल. त्याचे ८५ टक्के म्हणजे ३.२ किलोपास्कल. वातावरणाच्या १०१.३ ने भागलं की ३.२ टक्के. म्हणजे दर शंभर रेणूंमागे तीनहून जास्त पाण्याचे. मिथेनच्या एका रेणूत चार हायड्रोजन, पाण्याच्या रेणूत दोन. तेव्हा ३.२ टक्के बाष्प हे हायड्रोजनच्या रेषेला साधारण १.६ टक्के मिथेनसारखं दिसणार. पाण्यातला ऑक्सिजन भागाकाराच्या खालच्या बाजूला थोडा वाढतो, तो धरून चोख हिशेब केला तर दीड टक्का. फोनवरच्या मुलाचं यंत्र खोटं बोलत नव्हतं, हवेतलं पाणी मोजत होतं.

दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण मिथेन हवेत साधारण ५ टक्क्यांपासून पेट घेतो आणि पूर्ण ज्वलनाचं मिश्रण ९.५ टक्क्यांचं. ५ टक्क्यांच्या विरळ मिश्रणात जुलैची हवा हायड्रोजनचा सिग्नल ३० टक्क्यांनी फुगवते, ९.५ टक्क्यांच्या मिश्रणात १५ टक्क्यांनी. म्हणून तक्रार नेहमी विरळ बाजूने सुरू होते. घट्ट, म्हणजे जास्त इंधनाच्या मिश्रणावर काम करणाऱ्याला जुलै उलटून गेला तरी पत्ता नसतो.

एलपीजीवाल्यांना त्रास कमी होईल असं समजू नका. प्रोपेनच्या एका रेणूत आठ हायड्रोजन असतात, त्यामुळे तेच बाष्प ०.८ टक्के प्रोपेनसारखं दिसतं. पण प्रोपेनचं पूर्ण ज्वलनाचं मिश्रणच मुळात ४ टक्क्यांचं. प्रमाणात बघाल तर चूक जवळपास तेवढीच.

आणि जानेवारीत आपली हवा कोरडी असते हाही गैरसमज आहे. २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता धरली तरी बाष्प १.७ टक्के भरतं. म्हणजे किनाऱ्यावर हिवाळ्यात बसवलेलं शून्यसुद्धा खरं शून्य नसतं. पुण्याहून कुणी कॅलिब्रेशनचा तक्ता पाठवला आणि तो इथे जुळला नाही, तर पुणेकरांना दोष देण्याआधी दोन्हीकडच्या त्या दिवसाच्या आर्द्रता विचारा.

मग करायचं काय

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ब्लँक वजा करणं. लोक इथे बिचकतात. इंधन मिसळल्यावर हवा पातळ होते, तिच्याबरोबर बाष्पही पातळ होतं, मग पूर्ण ब्लँक वजा करणं चूक नाही का? नाही. कारण आपण ऑक्सिजनने भागतोय आणि तोही त्याच हवेतून येतो. बाष्प आणि ऑक्सिजन सारखेच पातळ होतात, त्यामुळे भागाकारातला पाण्याचा वाटा इंधन कितीही घातलं तरी तोच राहतो. फक्त वजाबाकीनंतर जो आकडा येतो तो इंधनाचं एकूण मिश्रणाशी नव्हे, तर हवेशी गुणोत्तर असतो. टक्के हवे असतील तर त्यावरून काढा. शिवाय पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे खालची बाजू थोडी वाढते. जुलैच्या वरच्या आकड्यांत ती ४.४ टक्क्यांनी वाढते, म्हणून वजाबाकीनंतरचं उत्तर १.०४४ ने गुणायचं. काटेकोर माणसांसाठी हे, बाकीच्यांनी नुसती वजाबाकी केली तरी मोठी चूक निघून जाते.

ब्लँक रोजचा रोज घ्या, पावसाळ्यात सकाळ-दुपार वेगळा. जिथे गॅस बंद करणं शक्य नाही, उदाहरणार्थ चालू इंजिनवर, तिथे इनटेकपाशी आर्द्रता आणि तापमान मोजा आणि हिशेबाने वजा करा. त्यासाठी संपृक्त बाष्पदाबाचे हे आकडे भिंतीवर लावून ठेवा: २४ अंशाला २.९८ किलोपास्कल, २६ ला ३.३६, २८ ला ३.७८, ३० ला ४.२५, ३२ ला ४.७६. आर्द्रतेचा सेन्सर स्वस्तातला चालेल, पण तो इंजिनच्या अंगाला चिकटवू नका. गरम जागी सापेक्ष आर्द्रता कमी दाखवतो आणि तापमान मात्र तुम्ही बाहेरचं धरता. मग सगळा हिशेब फसतो.

दुसरा उपाय बऱ्याच लॅबमध्ये कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो: कंप्रेसर. हवा सात बार गेजला दाबली की तिच्यातलं जास्तीचं पाणी टाकीच्या तळाशी साचतं. ३० अंशाच्या टाकीतून निघालेल्या हवेत बाष्प जेमतेम अर्धा टक्का उरतं, बाहेर धो धो पाऊस असो की ऑक्टोबरची उघडीप. एक पैशाचा ड्रायर न घेता हवा सहापट कोरडी, शिवाय रोज तेवढीच कोरडी. अट एवढीच की टाकी थंड हवी आणि तळाचा कॉक रोज उघडून पाणी सोडलेलं हवं. कंप्रेसर सलग चालवून टाकी ४५ अंशांवर गेली तर हाच आकडा सव्वा टक्क्याच्या घरात जातो. सकाळी बरोबर आणि दुपारी चारला चढलेलं रीडिंग दिसलं, तर टाकीला हात लावून बघा.

तिसरा उपाय हायड्रोजन सोडून कार्बन धरण्याचा. सीएनच्या ३८८.३ च्या पट्ट्याला पाण्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला लागतात कार्बन आणि नायट्रोजन, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा कार्बन नगण्य. साध्या इग्निशन कॉइलच्या मिलिसेकंदभर रेंगाळणाऱ्या ठिणगीत सीएन उठून दिसतो. अणूंच्या रेषा कपॅसिटरच्या छोट्या, कडक ठिणगीत जास्त झळकतात. स्वस्त सीसीडी स्पेक्ट्रोमीटर ठिणगीची सुरुवात आणि शेपूट वेगळं करू शकत नाही, सगळं एकत्र गोळा करतो. त्याच्यावर काम असेल तर सीएनचा अनुभव बरा येतो. पण सीएन हा तुकडे जुळून बनलेला रेणू आहे, प्लाझ्माचं तापमान बदललं की त्याचं प्रमाणही हलतं. म्हणून कॉइल, गॅप किंवा दाब बदलला की सीएनचं कॅलिब्रेशन नव्याने करावंच लागतं, तिथे टाळाटाळ नको.

गोबरगॅसवाल्यांसाठी इथे एक गोम आहे. त्यांच्या गॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. सीएन दोघांचाही कार्बन मोजतो. नुसत्या सीएनवर विसंबलात तर न जळणारा कार्बन डायऑक्साइडही इंधनात धरला जाईल. हायड्रोजन मात्र मिथेनचाच, पाणी वजा केल्यावर. म्हणून दोन्ही मोजा. सीएनवरून एकूण कार्बन, हायड्रोजनवरून मिथेन, दोघांतला फरक म्हणजे कार्बन डायऑक्साइड. एकाच ठिणगीत गॅसचं प्रमाण आणि प्रत दोन्ही कळतात. मला या पद्धतीत सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. फक्त हे विसरू नका की टाकीतून येणारा गोबरगॅस स्वतःच बाष्पाने भरलेला असतो आणि ते बाष्प हवेच्या ब्लँकमध्ये दिसत नाही. गॅसच्या लाइनवर पाण्याचा सापळा ठेवा, त्यानंतर सिलिका जेल.

ब्लँक सुरुवातीला ठीक, शेवटी चढलेला

मिश्रण पेट घेण्याजोगं असेल तर प्रत्येक ठिणगीला सेलमध्ये फट् असा आवाज होतो आणि गॅस जळतो. (सेल लहान ठेवा, एक बाजू मोकळी सोडा आणि गॅसच्या लाइनवर ज्वाला मागे शिरू न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर लावल्याशिवाय बटण दाबू नका.) जळालेला गॅस गॅपमध्ये राहिला तर रीडिंग बिघडेल, असं सगळ्यांना वाटतं. अणूंच्या रेषांबाबत ते तितकंसं खरं नाही. जळून रेणू बदलतात, अणू तेवढेच राहतात, म्हणून हायड्रोजन-ऑक्सिजनचं गुणोत्तर टिकतं. उजेड मात्र कमी होतो, कारण गरम गॅस विरळ असतो.

खरा घोटाळा भिंतींवर होतो. मिथेन पूर्ण जळला की जळालेल्या गॅसमध्ये सुमारे १९ टक्के बाष्प असतं आणि त्याचा दवबिंदू ५५ अंशांच्याही वर. खोलीच्या तापमानाच्या सेलवर ते लगेच दव धरतं. पुढच्या ताज्या मिश्रणात तेच पाणी परत उडतं. म्हणून ब्लँक सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा घ्या. शेवटचा जास्त भरला तर सेल ओला आहे. दोन ठिणग्यांमध्ये सेलची हवा काही वेळा पूर्ण बदलेल एवढा प्रवाह ठेवा, किंवा सेलला हीटिंग टेप गुंडाळून ६०-६५ अंशांवर ठेवा.

रीडिंग चढण्याऐवजी उतरत असेल तर

मग पाण्याऐवजी मिठाकडे बघा. चूक कुठल्या दिशेने आहे यावरून अर्धं निदान होतं. बाष्पाने रीडिंग चढतं. ठिणगी कमजोर झाली की सहसा उतरतं आणि सैरभैर होतं. कारण हायड्रोजनची लाल रेषा पेटवायला १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्टची पातळी गाठावी लागते, ऑक्सिजनच्या ७७७ ला १०.७ पुरते. प्लाझ्मा थंडावला की आधी हायड्रोजन मागे पडतो.

ठिणगी कमजोर का होते? खाडीच्या नाहीतर समुद्राच्या तोंडावर लॅब असेल तर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाचा पातळ थर बसतो. कोरड्या दिवशी तो निरुपद्रवी. पण साधं मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाघळतं आणि तो थर वीज वाहू लागतो. खोलीत अंधार करून बघा. चांगली ठिणगी गॅपमध्ये निळसर-जांभळी, एका जागी, खणखणीत आवाजाची. थर असेल तर चिनी मातीच्या अंगावरून बारीक पिवळसर धागा सरपटताना दिसतो आणि आवाज चरचरीत येतो. बोटाने पुसलंत तर बोटाला काही जाणवणार नाही, इतका पातळ थर असतो. डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोरडा करा. नळाच्या पाण्याने धुऊन क्षार वाढवू नका.

स्पेक्ट्रमवरही मीठ ओळखू येतं: ५८९.० आणि ५८९.६ ची सोडियमची जोडी, छोट्या यंत्रावर एकच पिवळा सुळका. ती ६५६ च्या आड येत नाही, पण हवेच्या फिल्टरची वेळ झाली हे सांगते. (याच पिवळ्या जोडीच्या शेजारी, ५८७.६ ला, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वर्षी सूर्याच्या उजेडात एक अनोळखी रेषा सापडली आणि ती पुढे हेलियमची ठरली. ते ग्रहण बघण्यासाठी बांधलेले म्हणून विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' अजून दाखवतात. वर्णपटाचा धडा शिकवायला कोकणात याहून चांगली सहलीची जागा नाही.) ७६६.५ आणि ७६९.९ ला सुळके दिसले तर ते पोटॅशियम, बहुधा प्लग उघड्या, घामट हाताने बसवल्याचं. ऑक्सिजनच्या ७७७ चा पाया ते डावीकडून उचलतात, म्हणून हातमोजे घाला.

घट्ट मिश्रणाकडे आलेख आडवा पडतो

हा आजार बाराही महिन्यांचा, पावसाशी संबंध नाही, पण वर्षानुवर्षं पाण्याच्या माथी मारला जातो. इंधन वाढवत गेलं तर हायड्रोजन-ऑक्सिजनचं गुणोत्तर एका मर्यादेनंतर वाढायचं थांबतं. ३८८.३ ची दुप्पट करा. ७७६.६. यंत्रातलं उजेड फाकवणारं ग्रेटिंग दुसऱ्या क्रमात, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी, सीएनचा जांभळा पट्टा नेमका ऑक्सिजनच्या त्रिकुटाच्या मांडीवर आणून बसवतं. ज्या यंत्राची विभेदनक्षमता (जवळच्या दोन रेषा वेगळ्या दाखवण्याची ताकद) एक नॅनोमीटरच्या आसपास आहे त्याला दोन्ही एकच दिसतात. इंधन वाढलं की सीएन वाढतो, 'ऑक्सिजन' वाढल्यासारखा दिसतो आणि भागाकार खाली ओढला जातो.

तपासायला ५५० नॅनोमीटरच्या खालचं अडवणारी नारिंगी काच उजेड यंत्रात नेणाऱ्या फायबरच्या तोंडासमोर धरा. कुठलीही काच आठ-दहा टक्के उजेड खातेच. ७७७ त्याहून जास्त पडली, तर वरचा वाटा सीएनचा होता. साध्या खिडकीच्या काचेने ही चाचणी होत नाही, ती ३८८ बहुतांश आत सोडते. उपाय म्हणजे तीच काच ऑक्सिजन मोजताना कायमची लावणं आणि सीएन वेगळ्या फायबरवर घेणं.

एसी आणि धुकं

यंत्र जपायचं म्हणून खोलीचा एसी २२ वर ठेवतात. वर धरलेल्या जुलैच्या हवेचा दवबिंदू २५ अंश आहे. अशी हवा सेलच्या २२ अंशांच्या क्वार्ट्झच्या खिडकीवर सोडली की तिच्यावर धुकं येणारच. सगळ्या रेषा एकदम खाली जातात आणि माणूस कॉइल बदलायला निघतो. एसी २७ वर ठेवा किंवा खिडकीला छोटा हीटर लावा. रात्री लेन्स आणि फायबरची टोकं सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशीची जाळी धरतील. धुक्याऐवजी काजळी असेल तर ती निळ्या-जांभळ्या बाजूला जास्त खाते, म्हणजे आधी सीएन आणि एनएच घसरतात, ६५६ बराच वेळ शाबूत राहते.

मे महिन्यातली तक्रार उलटीच असते. रीडिंग ठीक, पण मध्येच स्पेक्ट्रोमीटर लॅपटॉपवरून गायब होतो किंवा ट्रिगर नसताना फ्रेम घेतो. जांभा वाळला की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो आणि ठिणगीची रेडिओ लहर यूएसबी केबलमधून घुसते. खड्ड्यात पाणी घाला, मीठ-कोळसा कधी भरला होता ते बघा, रेझिस्टर प्लग आणि रेझिस्टर केबल लावा, कॉइलची अर्थ आणि यंत्राची अर्थ एकाच बिंदूवर आणा. कॉइल मेन्सच्या सप्लायवर असेल तर व्होल्टेज पडल्यावर ठिणगीची ऊर्जाही पडते. तिला १२ व्होल्टची बॅटरी द्या.

एवढं सगळं बघूनही कॅलिब्रेशन करायचंच ठरलं, तर ते ओल्या हवेत करा. सिलिंडरची कोरडी हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत न्या. पाणी २५ अंशांवर असेल तर बाहेर पडणाऱ्या हवेत ३.१ टक्के बाष्प असतं, म्हणजे हुकमी पावसाळा. कोरडा आणि ओला असे दोन ब्लँक घेतले की तुमच्या यंत्राला बाष्प किती मिथेन वाटतं ते थेट मिळतं, पुस्तकी गुणोत्तराची गरज उरत नाही. बाटली फक्त हवेच्या लाइनवर लावा. गोबरगॅस पाण्यातून नेलात तर त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळेल आणि मोजाल तो गॅस तुमच्या टाकीतला नसेल.